फोनवरचा दादा

दवाखान्यात सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. कान तपासायचं त्यांचं काम. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या एका बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून बारीक, मग आणखी बारीक आवाज सोडत जायचे. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. या कामात बाईंचा निम्मा जन्म गेला होता, आणि एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक झाली होती. आवाज सोडलेला नसतानाही माणसं बटण दाबतात. लबाडीने नाही. फार वेळ शांततेत बसलं की कान आपले आपणच काहीबाही ऐकायला लागतात. बाई अशा माणसांवर कधी हसल्या नाहीत. त्या जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

दवाखान्याने कानाच्या तपासणीचं नवं यंत्र घेतलं आणि ते शिकायला परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा बाईंचंच नाव पुढे आलं. घरात त्या आणि आई, दोघीच. भाऊ नाही, बहीण नाही, लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या. विमानात आजवर बसल्या नव्हत्या. मग मावसबहीण धावून आली. या बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण कंपनीच्या कामासाठी ती सदानकदा कुठल्यातरी देशात असे आणि पायांवर पाणी पडायच्या आत पुन्हा निघे.

भिंगरीने सगळं समजावून दिलं. विमानतळाच्या दारात "टॅक्सी, टॅक्सी" करत जो अंगावर येईल त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. अधिकृत रांगेतूनच गाडी घ्यायची. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवायचा. मीटर चालू झाला का बघायचं. पुढे बसायचं नाही. ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसायचं, म्हणजे त्याचा हात पोचत नाही. पर्स मांडीवर. मध्येच कुणी म्हणालं की या गाडीतून उतरा आणि त्या गाडीत बसा, तर मरून गेलं तरी उतरायचं नाही.

"आणि कुठे मनात पाल चुकचुकली ना," भिंगरी म्हणाली, "तर सरळ फोन कानाला लावायचा आणि बोलत सुटायचं. पलीकडे कुणी नसलं तरी चालतं. दादा, निघाले बरं का, गाडीचा नंबर हा, तू दारातच उभा राहा. कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर समोरचा वचकून असतो."

"पण मला दादा कुठे आहे?" बाई म्हणाल्या.

"आधी सांगायचं होतंस," आई आतून म्हणाली, "एखादा आणून ठेवला असता."

तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग भिंगरी खुर्चीवर टॅक्सीवाला होऊन बसली आणि बाईंनी मागे स्टुलावर बसून दादाशी बोलायची तालीम केली. ती काही केल्या जमेना. खोटं बोलताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा चिरका होई.

विमान उतरलं तेव्हा दुपार होती, पण धुक्यामुळे रस्त्यावरचे दिवे चालू ठेवावे लागले होते. बाईंनी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. अंगावर आलेल्या दोघांना टाळलं, रांगेत उभ्या राहिल्या, नंबरप्लेटचा फोटो भिंगरीला पाठवला. तो विमानतळाच्या वायफायवरून गेला. विकत घेतलेलं नवं सिमकार्ड काही सुरू झालं नव्हतं, ते पुढे होईल असं दुकानदार म्हणाला होता.

टॅक्सीवाला अंगाने भरलेला, पिकल्या मिशांचा, डोक्यावर लोकरी टोपी घातलेला होता. त्याने मोठी बॅग अदबीने उचलून डिकीत ठेवली. गाडी नीटनेटकी होती, सीटकव्हरांना साबणाचा वास येत होता, रेडिओवर कुणीतरी हळू गात होतं. बाई त्याच्या बरोबर मागे बसल्या. बाजूची सीट रिकामी होती. मीटर चालू झाला. आपण उगाच एवढं घाबरलो, असं त्यांना वाटलं.

बराच वेळ मोठ्या रस्त्याने गेल्यावर गाडी अचानक एका बाजूच्या रस्त्याला वळली.

"पुढे रस्ता बंद," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. बाईंनी विचारलं नव्हतं.

दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबच लांब भिंती होत्या. शटर ओढलेली, फुटपाथवर माणूस नाही. धुकं इतकं खाली आलं होतं की भिंतींचे वरचे कठडे दिसत नव्हते. बाईंनी फोन काढून बघितला. रेंजची एकही काडी नव्हती. नकाशा विमानतळाच्या दारातच थिजलेला होता.

त्यांनी फोन कानाला लावला.

"हॅलो, दादा? हो, मी. बसले टॅक्सीत." मग त्यांनी गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून इंग्रजीत सांगितला, ड्रायव्हरला कळावा म्हणून. "तू हॉटेलच्या दारात आहेस ना? हं. नाही, नाही, तू खालीच थांब." आपलाच आवाज त्यांना शाळेच्या नाटकात पाठ केलेलं म्हणणाऱ्या पोरीसारखा वाटला. त्यांनी फोन खाली घेतला.

टॅक्सीवाल्याने रेडिओ बंद केला.

"भाऊ?"

"हो. मोठा."

त्याने मान डोलावली. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "त्यांना सांगा, मी हळूच चालवतो. एवढं रागवायचं कारण नाही."

याला कळलंय. फोन बंद आहे, पलीकडे कुणी नाही हे याने ओळखलंय आणि हा आपल्याशी खेळतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पुन्हा फोन कानाला लावून पाहिला. काही नाही. साधी खरखरही नाही. त्यांच्या तपासणीच्या खोलीत दार लावल्यावर जी मुकी शांतता होते, तशी.

त्यांनी फोन पुरता बंद केला, पर्सच्या तळाशी टाकला आणि चेन ओढली. हात दाराच्या कडीकडे गेला. कडी हलली, दार उघडलं नाही.

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

"ते नको म्हणतात. इथे नको."

आरशात त्याचा चेहरा दिसत होता, आणि बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. बहिरेपणाचा दाखला मिळावा किंवा नोकरी टिकावी म्हणून सोंग आणणारे कितीतरी लोक त्यांनी काचेआडून पाहिले होते. ऐकू येत असून न येण्याचं सोंग, न येता येण्याचं सोंग. माणूस तोंडाने काहीही सांगो, खरोखर ऐकत असला की त्याची बुबुळं क्षणभर जागच्या जागी थांबतात, श्वास अडतो, मान नकळत चांगल्या कानाकडे कलते. त्यात नाटक करता येत नाही.

टॅक्सीवाल्याची मान मागे कलली होती. रिकाम्या सीटकडे.

तो ऐकत होता.

खोलीत एखादं घाबरलेलं मूल बसलं की जो आवाज लावत, तोच बाईंनी लावला. "काय म्हणतोय तो?"

"तुमच्या भाषेत बोलतात. मला समजत नाही."

"जसं ऐकू येतंय तसं म्हणा."

त्याने ओठ जुळवले, चुकला, पुन्हा जुळवले. परकी अक्षरं एकेक करून, खडे चघळावेत तशी त्याच्या तोंडातून आली.

"घाब-रू... नको... छ-कु-ले."

छकुली म्हणायची ती आई, आणि तेही त्या शाळेत जायच्या आधी. तो शब्द भिंगरीलाही माहीत नव्हता. त्यांना स्वतःलाही तो कित्येक वर्षांत आठवला नव्हता.

त्या हळूहळू दाराला टेकून बसल्या. बाजूच्या सीटकडे बघायचं धाडस झालं नाही.

पुढे धुक्यात एक दिवा हलला.

चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. हात वर करून गाडी थांबवायची खूण करत होता. त्याच्यामागे, भिंतीला लागून, दुसरी एक गाडी उभी होती. तिचं मागचं दार उघडं होतं. आत कुणीतरी बसलेलं होतं.

टॅक्सीचा वेग कमी झाला.

बाईंनी पर्स छातीशी धरली.

गाडी आणखी हळू झाली. जाकीटवाला ओळखीचं हसला आणि बाईंच्या दाराच्या बाजूला येऊ लागला.

तेव्हा टॅक्सीवाल्याने मान पुन्हा मागे कलती केली. त्याची बुबुळं थांबली. तो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. एखाद्या थोरल्या माणसापुढे बोलावं तसं, खालच्या आवाजात.

मग त्याने पाय दाबला.

जाकीटवाला बाजूला उडी मारून ओरडला. टपावर धाडकन हात बसला. दिवा, गाडी, उघडं दार, सगळं मागच्या काचेत गढूळ होत नाहीसं झालं.

गोदामं संपली, दुकानं लागली, माणसं दिसू लागली, एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते.

"तिथे मी थांबतो," तो म्हणाला. "एकटं माणूस असलं की. त्या गाडीत बसवून देतो आणि निघतो. पुढचं मी बघत नाही."

बाईंना सगळा अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तेव्हा दार उघडून पळत सुटावं असं वाटलं, आणि आता कडी ओढली असती तर बहुधा उघडलीही असती. पण त्या माणसाचे खांदे पाहून त्यांना राग करता येईना. त्यांनी पर्समधली पाण्याची बाटली काढून त्याच्या खांद्यावरून पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"तिथे तो काय म्हणाला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तिथे माझ्या भाषेत बोलले." त्याने मिशा पुसल्या. "धमकी नाही, काही नाही. एवढंच विचारलं, तुला बहीण आहे का?"

"आहे?"

"होती," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

हॉटेल चढावरच्या एका शांत गल्लीत होतं. दारात दोन कुंड्या आणि पितळेची मूठ असलेला काचेचा दरवाजा. दारात कुणी उभं नव्हतं. तशी बाईंची अपेक्षाही नव्हती, तरी त्यांनी बघितलं.

टॅक्सीवाल्याने उतरून बाईंचं दार उघडलं, डिकीतली बॅग काढून पायरीवर आणून ठेवली. भाडं घ्यायला तो तयार होईना. बाई नोटा पुढे करत होत्या आणि तो मान हलवत मागे सरत होता. आता हा निघून जाईल, मग आपण आत जाऊ, आईला फोन करू, गरम पाण्याने तोंड धुऊ, असं बाई मनाशी जुळवत होत्या.

तो गेला नाही. गाडीला वळसा घालून तो पलीकडच्या बाजूला गेला. डोक्यावरची टोपी काढून त्याने काखेत धरली, रिकाम्या सीटचं दार उघडलं आणि मान खाली घालून उभा राहिला, माणसाला सावकाश उतरायला लागावा तेवढा वेळ.

बाई पायरीवरून बघत होत्या. गाडीत कुणी नव्हतं, डिकी रिकामी होती. तरी ती गाडी त्या बाजूने, एखादं जड माणूस उतरावं तशी, किंचित वर उचलली गेली.