मंगळावरचा हट्टी क्रँक

घरातल्या कुणालाही हे कोडं घालून बघा. धातूचं एक कडं घ्यायचं आणि चांगलं तापवायचं. तापलं की ते फुगणार, हे तर ठरलेलंच. पण मग त्याच्या मधलं भोक मोठं होईल की लहान?

बहुतेक जण बेधडक सांगतात, लहान. मीही तेच सांगितलं होतं, आणि त्या उत्तरापायी मंगळावरच्या कोंबड्यांचा वंश बुडायची वेळ आली होती.

मी शाल्मली. माझा जन्म मंगळावरचाच. आमच्या वस्तीचं नाव मंगळवार पेठ. ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला आपण फार विनोदी आहोत असं वाटत असणार. पेठेतलं प्रत्येक घर म्हणजे एक छोटा घुमट. आमच्या घुमटात आई, बाबा, अण्णा म्हणजे माझे आजोबा, मी आणि खटपट्या नावाचा रोबो एवढे राहतो. शिवाय त्या वेळी स्वयंपाकघरात एका उबवणी पेटीत सात अंडी होती.

ती साधीसुधी अंडी नव्हती. पृथ्वीवरून यानातून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आल्या होत्या. कोंबड्यांनी अंडी घातली, पण त्यांवर बसायचं काही मनावर घेतलं नाही. मग कोंबडा आजारी पडला आणि गेला. कोंबड्याशिवाय पुढच्या अंड्यांतून पिल्लं येणार नव्हती. म्हणजे ही सात अंडी गेली की सगळं संपलं. पेठेनं ती आमच्यावर विश्वासानं सोपवली होती. मी रोज त्यांच्याशी गप्पा मारायचे आणि खटपट्या त्या गप्पांची नोंद ठेवायचा, का ते त्यालाच माहीत.

अशात धुळीचं वादळ आलं. सूर्य दिसेनासा झाला आणि सोलर पॅनेलमधून जेमतेम हवा खेळवण्यापुरती वीज यायला लागली. बाकी वीज ज्यानं त्यानं घरी पायडल मारून करायची, असा पेठेचा नियम. त्यासाठी प्रत्येक घरात जागच्या जागी फिरणारी एक सायकल असते आणि तिला जनित्र (फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र) जोडलेलं असतं. आम्ही पाळीपाळीनं पायडल मारून पेटी गरम ठेवत होतो.

आई-बाबा पॅनेलवरची धूळ झाडायला गेले होते, अण्णा शेजारच्या घुमटात पायडल मारायला गेले होते आणि माझी पाळी होती. अचानक डावा पाय हवेत गेला. पायडल निखळून खाली पडलं होतं. क्रँकमधले, म्हणजे पायडल ज्या दांड्याला बसवतात त्यातले, आटे पार झिजून गुळगुळीत झाले होते. खटपट्यानं पेटीची बॅटरी तपासली आणि संध्याकाळपर्यंत पुरेल असं सांगितलं. नवा क्रँक कपाटात होता. जुना काढायचा आणि नवा बसवायचा, एवढंच तर काम होतं.

पण क्रँक ओढून काढायचं खास हत्यार अख्ख्या पेठेत एकच, आणि ते पलीकडच्या वस्तीला उसनं दिलेलं. वादळात तिकडे कोण जाणार?

खटपट्याला म्हटलं, हत्याराशिवाय करू. आधी क्रँकच्या तोंडावरचा बोल्ट काढायचा होता. पाना लावून मी त्यावर उभी राहिले, नाचलेसुद्धा. बोल्ट ढिम्म. मंगळावर माझं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश, तर माझ्या नाचाला कोण घाबरणार? शेवटी पान्याच्या दांड्यावर एक लांब पाइप चढवला आणि त्याचं टोक दाबलं. दांडा जितका लांब, तितका कमी जोर पुरतो. ही तरफेची (टेकून उचलायच्या दांड्याची) युक्ती मला शाळेत शिकवली होती. बोल्ट कुरकुरत निघाला.

क्रँक मात्र हलला नाही. तो ज्या आसावर (मधल्या फिरत्या दांड्यावर) बसतो, त्याचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं. वर्षानुवर्षं पाय मारून क्रँक त्यावर घट्ट रुतून बसलेला.

अशा वेळी आमच्या पेठेत एकच उपाय करतात. बाहेर जायच्या दोन दारांमधल्या खोलीला आम्ही उंबरठा म्हणतो. तिथं हाडं गोठवणारी थंडी असते. कपड्याला डिंक लागला, दोन वस्तू गोंदानं चिकटल्या, की ठेव उंबरठ्यात. गोंद ठिसूळ होतो आणि सुटतो. थंडीनं वस्तू आकसतात, मग क्रँकचं भोक मोठं होऊन तोही सुटेल, असा माझा हिशेब. खटपट्या म्हणाला, 'थंडीनं वस्तू आकसतात' हे वाक्य बरोबर आहे. आम्ही अख्खी सायकल उंबरठ्यात नेऊन ठेवली.

चांगली गारठल्यावर ती आत आणली आणि हातमोजे घालून क्रँक ओढला. मग खटपट्यानं दोन्ही यंत्रहातांनी ओढला. सांगाडा करकरला, पण क्रँक सुटला नाही. उलट खटपट्याच्या मापानं पकड आधीपेक्षा वाढली होती. बॅटरीचा काटा खाली चालला होता आणि पेटीतली ऊब कमी व्हायला लागली होती. मला रडू फुटलं.

तेवढ्यात अण्णा आले. ते धातुशास्त्रज्ञ आहेत, म्हणजे धातूंचे स्वभाव ओळखणारे. त्यांनी रागावायच्या ऐवजी विचारलं, की क्रँक कशाचा आणि आस कशाचा. क्रँक ॲल्युमिनियमचा, आस पोलादाचा. मग ते म्हणाले, "थंडीनं दोघंही आकसले, पण सारखे नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. तू क्रँकला आसाचा गळा आवळायला लावलास, पोरी."

म्हणजे आता तापवायचा, हे मला कळलं. पण तापला तर क्रँक आतल्या बाजूलाही फुगेल आणि भोक आणखी लहान होईल, असं मी ठासून सांगितलं. हेच ते कोडं.

अण्णांनी मला भोंडला आठवायला सांगितलं. "तुम्ही हत्तीभोवती फेर धरता. समजा, फेरातल्या प्रत्येकीचे हात वीतभर लांब झाले. हत्ती चेंगरेल की त्याला जास्त जागा होईल?"

मी डोळे मिटून फेर पाहिला. हात लांबले, तसा फेर बाहेर सरकला आणि हत्ती ऐसपैस झाला. कड्यातला प्रत्येक कण शेजारच्यापासून जरासा लांब जातो, म्हणून भोकसुद्धा मोठंच होतं. यालाच प्रसरण (तापून वाढणं) म्हणतात. अण्णांच्या लहानपणी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव (चाकाभोवतीचं कडं) तापवूनच चढवत. गरम असताना ती सहज बसायची आणि गार झाली की चाकाला आवळून धरायची. मला एकदम उड्या माराव्याशा वाटायला लागल्या, आणि मी मारल्यासुद्धा.

सायकल आधीच गार होती, ते आता पथ्यावरच पडलं. आस गारच ठेवायचा आणि फक्त क्रँक तापवायचा. खटपट्यानं पाणी उकळलं. चिमट्यानं फडकी बुडवून तो क्रँकच्या मुळाशी गुंडाळत राहिला. भोक किती वाढेल, तर केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढं. निमुळत्या आसावर तेवढंही पुरतं, असं अण्णा म्हणाले.

क्रँक बाहेर ढकलायला पाचर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ असा तुकडा) हवी होती. आईची दोन लाकडी उलथनी घेतली आणि त्यांचे दांडे कापून टाकले; उरलेली निमुळती पाती म्हणजेच पाचरी. आईला नंतर सांगू, असं ठरलं. क्रँक आणि सांगाड्यामधल्या फटीत दोन्हीकडून एकेक पातं बसवलं. एकाच बाजूनं ठोकलं असतं, तर क्रँक तिरका होऊन अडकला असता. हातोडीच्या जागी खलबत्त्यातला बत्ता. पाचरीवर ठोका वरून बसतो, पण ती ढकलते बाजूला.

अण्णांनी एकदा इकडे, एकदा तिकडे ठोकलं. काही नाही. खटपट्यानं नवं गरम फडकं लावलं. मी पेटीकडे बघायचं नाही असं ठरवून बघतच होते. पुन्हा ठोके पडले. मग एक बारीक 'टक्' झालं आणि क्रँक सुटला. मंगळावर वस्तू रमतगमत पडतात, तसा तो जमिनीवर पडेपर्यंत आम्ही तिघंही बघत राहिलो.

नवा क्रँक बसवून बोल्ट पाइपनं आवळला. बॅटरी संपत आली होती. मी सायकलवर बसले आणि पाय भरून येईपर्यंत उतरले नाही. मग अण्णा बसले, मग आई-बाबा आले आणि तेही बसले. उलथन्यांचे कापलेले दांडे बघून आईनं खलबत्ता उचलून कपाटात ठेवला.

वादळ थांबायच्या आधीच अंडी फुटली. दोन फुटलीच नाहीत, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. पाच पिल्लं मात्र बाहेर आली, ओली, चिडकी आणि भलतीच भुकेली. आता मी घुमटातल्या प्रत्येक धातूला विचारत असते, की तू किती वाढतोस. मोठी झाले की मी बाहेरच्या मैदानावर चालणारी सायकल बनवणार आहे, तिथल्या थंडीत न आवळणारी आणि उन्हात सैल न होणारी.

अण्णांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि खिडकीतल्या धुळीकडे बघत म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?" मी त्यांना आठवण करून दिली, की मंगळावरच्या धुळीमुळे सूर्य उगवतो तिथलं आकाश निळसर दिसतं. इथं तांबडं फुटत नाही, निळं फुटतं.

अण्णांनी ते पिल्लू माझ्या हातात दिलं.

"खरंय," ते म्हणाले. "तुम्ही दोघंही इथलेच. तुमची पहाट निळी."