केनच्या मशीनमधलं मेण

चंद्रहास म्हणजे भुताकडेसुद्धा ओळखपत्र मागणारा माणूस. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, ऑकलंडला येऊन सात-आठ वर्षं झालेली, फ्लॅट बुश उपनगरात नवंकोरं घर. बाकीचे मराठी लोक शनिवारी मॉलमध्ये फिरायचे. हा पठ्ठ्या पिस्तुल क्लबात जायचा आणि गॅरेजात शिशाच्या गोळ्या ओतत बसायचा. सुचित्रा म्हणायची, "लोकांचे नवरे लॉन कापतात, आमचे लढाईची तयारी करतात!"

गोळी ओतली की तिला वंगण लावून नेमक्या मापात दाबावं लागतं. त्यासाठी हातानं चालवायचं एक लोखंडी मशीन असतं. चंद्रहासला ते क्लबातल्या केनचं मिळालं होतं. केन सप्टेंबरात अचानक गेला, आणि त्याच्या बायकोनं, पॉलिननं, ते उचलून याच्या गाडीत ठेवलं.

त्या शनिवारी खंडेनवमी होती. संध्याकाळी हत्यारांची पूजा. पूजेत मळकं हत्यार ठेवायचं नाही, ही चंद्रहासच्या आईची शिकवण. म्हणून सकाळीच त्यानं मशीनमधलं जुनं वंगण बदलायला घेतलं. वरचं झाकण काढलं, सुचित्राचा हेअर ड्रायर लावून वंगणाची नळी गरम केली. आतली वंगणाच्या मेणाची पोकळ कांडी सैल झाली आणि अखंड बाहेर घसरली. मधमाश्यांच्या मेणाचा गोडसर वास गॅरेजभर पसरला.

कांडीच्या बुडाला अंगठ्याचा ठसा होता. मोठा, रुंद, आणि वरचं टोक उडालेला.

केनचाच, त्यात काय! शेवटच्या भेटीत त्याच्या अंगठ्याला बँडेज होतं, करवतीत सापडला म्हणाला होता. चंद्रहासनं नळी टर्पेंटाइननं लख्ख पुसली, हातमोजे घालून निळ्या वंगणाची नवी कांडी पाकिटातून काढली, आत सोडली आणि झाकण आवळलं. पण दाब काही नीट बसेना. चडफडत त्यानं पुन्हा सगळं उघडलं.

नव्या कांडीच्या बुडालाही ठसा होता.

हा लहान होता. लहान मुलाच्या अंगठ्याचा. त्यावरून एक तिरपी चीर गेलेली.

चंद्रहासनं कांडी उजेडात नेली. पाकीट आत्ताच फोडलेलं, हातात मोजे. बुडाशी बोट पोचायला जागाच नाही. त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि त्यानं पॉलिनला फोन लावला.

"केननं मशीन शेवटचं कधी भरलं होतं गं?"

"हिवाळ्यात, जूनमध्ये," पॉलिन म्हणाली. "का रे?"

"म्हणजे अंगठा कापायच्या आधी?"

"आधीच की! कापल्यावर तो शेडमध्ये गेलाच नाही. आठवडाही लोटला नाही, आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेवटी शेवटी त्याला सगळंच मधासारखं लागायचं. चहा ओतून द्यायचा बिचारा. बिनसाखरेचा चहा, तरी म्हणायचा, मध का घातलास?"

चंद्रहासनं फोन ठेवला. ठसा आधी, जखम नंतर, आणि त्यानंतर...

"स्वानंदी!" तो ओरडला.

आठ वर्षांची स्वानंदी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत आली. "व्हॉट, बाबा?"

"अंगठा बघू तुझा."

गुलाबी, कोवळा, कुठे ओरखडासुद्धा नाही. त्यानं तो ठशावर ठेवला. तंतोतंत बसला. चिरेपुरताच काय तो फरक.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड?" ती म्हणाली.

"काही नाही गं. जा, खेळ जा."

मग मात्र इंजिनिअर कुठल्या कुठे पळाला आणि नुसता बाप उरला. देवा, माझ्या पोरीला नको, एवढंच तो पुटपुटत राहिला. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या, साल काढायचं सोलाणं, दाढीचं ब्लेड, सगळं त्यानं सुचित्राच्या नकळत जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि गॅरेजात, मशीनमागच्या खोक्यात नेऊन दडवलं. दोन्ही कांड्या पिशवीत बांधून तो गल्लीच्या टोकाच्या मोठ्या कचरापेटीत टाकायला निघाला. घरच्या कचऱ्यातसुद्धा त्याला त्या नको होत्या. आठवडाभर पोरीला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. शाळेत आजारी म्हणून कळवायचं. बस्स.

बाहेर ऊन छान पडलं होतं. शेजारचा सामोअन म्हातारा हात हलवून "कीया ओरा" म्हणाला. कांड्या टाकल्या तसा चंद्रहासचा जीव जरासा भांड्यात पडला. परत येताना आपण किती घाबरलो याची त्याला लाजही वाटली.

घरात सुचित्रा पाटावर लाल कापड अंथरत होती. झेंडूच्या फुलांचं ताट तयार होतं.

"अहो, सुऱ्या कुठे गेल्या सगळ्या?" ती म्हणाली. "खंडेनवमीला सुरी-विळी पूजेत नको का? शोधून शोधून थकले. शेवटी स्वानंदीला पाठवलं शोधायला."

"कुठे पाठवलंस?"

"गॅरेजात. तुमचंच तिथे सगळं इकडचं तिकडे असतं ना."

चंद्रहास गॅरेजकडे धावला.

तेवढ्यात गॅरेजचं दार उघडलं. स्वानंदी आली, काखेत टॉवेलाचं गाठोडं, चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू.

"फाउंड देम! बाबा, का लपवले होते?"

"हात दाखव."

"इट्स नथिंग. टॉवेलातून टोचलं जरासं."

तिनं अंगठा पुढे केला. त्यावर एक तिरपी चीर होती. रक्त फारसं नव्हतंच.

"अगं बाई! थांब, हळद आणते," म्हणत सुचित्रा आत पळाली.

स्वानंदीनं अंगठा तोंडात घातला. चोखता चोखता तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं तो बाहेर काढून बघितला, पुन्हा चाटला.

"फनी," ती म्हणाली. "बाबा, हे मधासारखं लागतंय."