बिनआवाजाची खोली

कान तपासणाऱ्या बाईंना लोकांच्या न ऐकण्याचा पगार मिळत असे. पेशंटला बिनआवाजाच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेबाहेरून बाईंनी बारीक शिटी सोडायची. ऐकू आली की पेशंटनं बटण दाबायचं, बाहेर हिरवा दिवा लागायचा. घरी ठार बहिरे असलेले कितीतरी सासरे इथे ठणठणीत निघाले होते. बाई कुणाचं गुपित फोडत नसत.

त्या दुपारी आत त्यांचीच आठ वर्षांची मुलगी होती. वर्गात हाका मारल्या तरी ओ देत नाही, अशी शाळेची तक्रार.

कान उत्तम निघाले. बाईंनी शिटी बंद केली.

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

"काय गं, उगाच का दाबतेस?" बाईंनी टेबलावरच्या माइकचं बटण दाबून विचारलं.

"आई बोलतेय ना."

"मी तर गप्प आहे."

"तू नाही," मुलगी समजूत घालावी तशी म्हणाली. "आई."

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. मुलीला जन्म दिला होता त्यांच्या धाकट्या बहिणीनं. जाताना तिनं एकच मागितलं होतं, 'सात वर्षांची झाली की तिला माझं सांग, ताई.' ताईंनी मान हलवली. मग गाव बदललं, फोटो पेटीत गेले, आठवा वाढदिवसही उलटला. हसत्याखेळत्या पोरीला मेलेली आई कशाला दाखवायची? यात माया किती आणि भीती किती, ते मोजणारं मशीन दवाखान्यात नव्हतं.

हे जाणणारं दुसरं माणूस एकच. बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"पोरीला काही बोललास?"

"मी? तुझ्यापुढे मला बोलायला मिळालंय कधी?" मग आवाज उतरला. "का गं?"

बाईंनी फोन ठेवला. हेडफोनची वायरच उपटली.

दिवा लागला.

त्यांनी मुलीला बाहेर आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं. "काय म्हणते ती?"

"तुझ्याशी बोलायचंय म्हणते. तू ऐकतच नाहीस म्हणे."

वायर पुन्हा जोडून बाई आत गेल्या. जाड दार लागलं. हेडफोन चढवला. स्वतःच्या काळजाची धडधड, बाकी काही नाही. एक मिनिट. दोन. बाईंनी श्वास सोडला. पोरखेळ सगळा! आता तर मुळीच सांगायचं नाही.

त्यांनी काचेतून पाहिलं.

मुलीनं मान कलती केली होती, कुणी कानाशी वाकल्यावर करतात तशी. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. गालावरची बट हलकेच उचलली गेली आणि कानामागे जाऊन बसली.

मुलगी हसली. पुढे होऊन तिनं माइकचं बटण दाबलं.

"मावशी, येते हं मी."

बाई दाराकडे धावल्या तेव्हा ती खुर्चीवरून उतरली होती. एक हात खांद्याच्या वर उचललेला, आणि मूठ वळलेली, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी.