फटफटीची मागची बैठक

तुमच्या कचेरीने खोटं लिहिलं, साहेब. शाईने, शिक्क्यासकट.

मी गोष्टी रचत नाही. दादा शिकून मास्तर झाला, मी चौथीत शाळा सोडली आणि पुडीचे कागद वाचून लिहायला शिकलो. इथे आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं. रात्र नव्हती. १९३४ चा दसरा, भर दुपार, अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना लागते ती नाल्यावरची मोरी.

गाडी विलायती फटफटी. टाकीला लागून गिअरचा दांडा, मागे स्प्रिंगांची बैठक. तिच्या नोंदणीच्या पुस्तकात चार मालक.

पहिला तुमचाच गोरा अंमलदार. सात वर्षांपूर्वीचा दसरा झाला आणि आठवड्यात विलायतेला पळाला.

दुसरे अकोल्याचे कमलाकांत वकील. त्यांनी सहा महिन्यांत विकली. म्हणाले, "बसतो मी एकटा, पण गाडी दोघांच्या वजनानं चालते."

तिसरे वरूडचे खुशालराव, संत्र्यांचे व्यापारी. त्यांनी मागची बैठक काढली होती. विकताना गुपचूप परत लावली. मोठी माणसं.

चौथा माझा दादा, रविकांत मास्तर. भुतांना हसणारा.

गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि निघालो. मी मागे.

मोरीवर इंजिन बंद पडलं.

मी उतरून प्लग पाहायला वाकलो... आणि झेंडूचा वास आला. हार वीतभर, वास गाडाभर.

मग मागून आवाज. बाईचा. दमलेला...

"हात लावता का जी बापू? टोपलं चढत नाही एकटीनं."

वऱ्हाडात याला कोणी नाही म्हणत नाही. ओझ्याला हात लावताना कोणाचं ते पाहतही नाहीत. दादा सवयीने वळला, वाकला आणि दोन्ही हातांनी उचललं.

हातात काही नव्हतं.

पण मानेच्या शिरा फुगल्या. हात इंचाइंचाने वर गेले... डोक्याएवढ्या उंचीवर थांबले.

"चढलं का बाई?"

रस्ता दोन्हीकडून रिकामा.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मी बसायला गेलो...

बैठकीच्या स्प्रिंगा आधीच दबल्या होत्या.

मी घरी चालत आलो. लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादाचे हात छातीच्या वर जाईनात. फळ्यावर लिहिता येईना. डॉक्टर म्हणतो हाडं ठीक आहेत. शाळा म्हणते होळीपर्यंत वाट पाहू, मग दुसरा मास्तर.

मोरीजवळच्या मळ्यातला सहदेव माळी कळल्यावर घरी आला. बसला नाही.

"मास्तर, थे माही बायको, गंगू. दसऱ्याची फुलं घेऊन बाजारात चालली होती. टोपलं खाली ठेवून दम खाऊन राहिली होती, तं साहेबाची फटफटी अंगावरून गेली. कचेरीत मनतात, कोनी मेलंच नाही."

"मग मी उचललं ते?"

"तेच तं. कचेरीनं मेली मनून एकडाव लिवलं, तं थे ओझं खाली ठेवन. नाही तं कायले ठेवन?"

आम्ही अर्ज केला. तुमचं उत्तर आलं, दीड ओळ. त्या दिवशी गाडी बंगल्यातून निघाली नाही, अशी बाई नोंदीत नाही.

इंजिनाचा नंबर नोंदीत आहे. चौकटीचा आहे. पुढचा दिवा कधी बदलला त्याची तारीख आहे. गंगूबाई नाही. शाबास.

पत्र मी अंगणात दादाला वाचून दाखवलं. शेजारी गाडी उभी होती. शेवटचा शब्द संपला आणि स्प्रिंगा करकरल्या... बोटभर आणखी खाली गेल्या.

दादाचे हात मांडीवर पडले.

आता घासही उचलत नाहीत. आई भरवते. रोज दुपारी बाराला तो जेवता जेवता थांबतो आणि दाराकडे पाहून विचारतो, "चढलं का बाई?"

मी त्या दाराकडे पाठ करून बसत नाही.

गाडी बंगल्यात होती. बाई नव्हतीच. मान्य. मग शिक्का मारणारा तो हात पाठवा मोरीवर, भर दुपारी. आवाज आला की टोपल्याला लावू द्या.

तेवढी छाती नसेल, तर लिहून द्या. माझ्या दादाने उचललं ते टोपलं कोणाचं?