तिसऱ्या न्यायाधीशांचं वाक्य

"मॅडम... तुमच्या गालावर 'संदर्भ कुठे?' असं उमटलंय. उलटं उमटलंय, पण वाचता येतंय."

ती खडबडून जागी झाली. भर दुपारचे तीन वाजले होते, खिडकीबाहेर पाऊस कंटाळल्यासारखा रिपरिपत होता आणि ती कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या एकसष्ट निबंधांवर डोकं टेकून चक्क झोपली होती. कायद्याचं संशोधन आणि लेखन हा तिचा विषय. निकाल शोधायचे कसे, वाचायचे कसे आणि मग असं लिहायचं कसं, की न्यायाधीशांना डुलकी लागणार नाही. आता शिकवणारीलाच लागली, त्याला काय करणार?

समोर उभा होता तो नवा ग्रंथपाल. हातात ओला रुमाल, आणि चेहऱ्यावर हसू दाबण्याची पराकाष्ठा.

"हसा हो," ती गाल पुसत म्हणाली. "दाबून ठेवलंत तर त्रास होईल."

"हसत नाही मी. शाई वाळायच्या आत सांगावं म्हटलं. चार वाजता तुमचा तास आहे ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आठ दिवस बघतोय... म्हणजे, वेळापत्रक बघतोय," तो म्हणाला, आणि उगाचच शेजारची दोन पुस्तकं सरळ केली. ती आधीच सरळ होती.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. वह्या तपासायला शांतता लागते, असं ती स्वतःला सांगायची. खिडकीजवळच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या जागी एक दिवस धड खुर्ची आली. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर उशी आली. साडेतीनला दोन कप चहा यायचा, त्याचा बिनसाखरेचा, तिचा दोन चमच्यांचा. किती चमचे हे तिने कधी सांगितलेलं नव्हतं.

ती दमलेली होती, आणि ती दमणूक एका रात्रीच्या झोपेने जाणारी नव्हती. नऊ वर्षं ती कंत्राटावर शिकवत होती. दर वर्षी नवी मुलं यायची आणि दर वर्षी त्याच चुका करायची. निकाल न वाचता कोणाच्या तरी टिपणातून उतरवायची. मुलं पाठीमागे तिला 'संदर्भबाई' म्हणत, हे तिला ठाऊक होतं. यंदा मात्र एक आशा होती. नऊ वर्षांच्या शिकवण्यातून तिने एक पुस्तक लिहिलं होतं. महाविद्यालय ते छापणार होतं आणि त्याच्या जोरावर तिला कायम करायचं, असं प्राचार्यांनी तोंडभरून सांगितलं होतं. शुक्रवारी पुस्तक छापखान्यात जाणार होतं.

"मला वाचायला द्याल?" त्याने दोन महिन्यांपूर्वीच विचारलं होतं.

"कशाला? झोप येत नाही का तुम्हाला?"

"झोप छान येते हो. कधीकधी दिवसासुद्धा येते म्हणतात, काही लोकांना."

"पुरे!" ती लटक्या रागाने म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळी पानं आणून त्याच्या टेबलावर ठेवली. मग विसरूनही गेली. असलं पुस्तक कोण वाचतंय?

सोमवारी साडेतीनला चहा आला, पण त्याच्याबरोबर निकालांचा एक जाडजूड खंडही आला. मध्ये कागदाची पट्टी घातलेली होती.

"हे जरा... बघाल का?" तो म्हणाला. आज त्याची नजर कपावरून हलत नव्हती.

तो पायवाटेचा निकाल होता. एकाच्या शेतातून दुसऱ्याने वीस वर्षं ये-जा केली, तर वाटेवर त्याचा हक्क होतो का, असा खटला. त्यातलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. 'जी वाट पावलांनी घडवली, तिला कुंपण घालण्याचा अधिकार कोणालाच नाही.' तिच्या तिसऱ्या प्रकरणाच्या माथ्यावर तिने ते ठळक अक्षरांत घातलं होतं. दर वर्षी पहिल्या तासाला ती ते फळ्यावर लिहायची.

"मग? वाक्य बरोबर आहे."

"वाक्य बरोबर आहे. पण ते... तिसऱ्या न्यायाधीशांचं आहे. बाकीच्या दोघांनी उलटा निकाल दिलाय. वाट बंद झाली, मॅडम. तो माणूस हरला."

तिघांपैकी दोघं म्हणतील तो कायदा, तिसऱ्याचं नुसतं मत. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा हे सांगेल. तिने ते वाक्य तिच्या गुरुजींच्या वहीतून घेतलं होतं. मूळ निकाल पुरा वाचलाच नव्हता. नऊ वर्षांत एकदाही नाही.

"तुम्ही पुस्तक वाचायला घेतलं होतंत की माझी झडती घ्यायला?" तिचा आवाज चढला.

"वाचायलाच..."

"सांगा आता सगळ्यांना! मजा येईल."

"मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगायचं होतं, सांगितलं."

चहा तसाच ठेवून ती उठली. मंगळवारी ती ग्रंथालयात गेली नाही, बुधवारीही नाही. तिला त्याचा राग आला होता, आणि राग त्याचा नाही हेही कळत होतं, म्हणून तर तो जास्तच आला होता. शिक्षकांच्या खोलीत बसून तिने वह्या तपासल्या. तिथला चहा गोड होता तरी तिला कडू लागला.

बुधवारी संध्याकाळी आईने विचारलं, "तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

तिने सगळं सांगितलं. आई भाजी निवडत ऐकत होती.

"म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," आई म्हणाली.

"आई, अगं, तू माझी आई आहेस ना?"

"म्हणून तर सांगतेय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आज ना उद्या कोणीतरी ते बाड उघडणारच." मग देठ मोडता मोडता आई सहज म्हणाली, "आणि ते उघडणारा कोण म्हणालीस? ग्रंथपाल? वय काय त्याचं?"

"आई!"

गुरुवारी सकाळी ती प्राचार्यांकडे गेली. "एका वाक्याचं काय घेऊन बसलात?" ते म्हणाले. "कोण बघतंय? उद्या छापलं नाही तर यंदाची कायम व्हायची संधी गेली, कळतंय ना?" कळत होतं. एक वर्ष म्हणजे आणखी एकसष्ट मुलं, त्याच चुका आणि पुन्हा कंत्राटावर सही. तरी ती म्हणाली, "पुस्तक थांबवा, सर."

तिथून ती वर्गात गेली. फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि मुलांकडे वळली. "हे मी तुम्हाला कायदा म्हणून शिकवलं. हा कायदा नाही. मी मूळ निकाल वाचला नव्हता."

मग पहिल्या बाकावरची चष्मेवाली भीत भीत म्हणाली, "मॅडम... आम्ही असं केलं तर तुम्ही शून्य देता."

"मग मलाही द्या."

कोणी दिलं नाही. उलट त्या दिवशी पहिल्यांदाच तासानंतर दहा-बारा मुलं ग्रंथालयाकडे पळाली, तो निकाल मुळातून वाचायला. ती त्यांच्यामागून सावकाश गेली. मुलांचा घोळका खंड घेऊन मोठ्या टेबलाकडे सरकेपर्यंत दाराशीच थांबली. ग्रंथपाल तिला बघून उभा राहिला आणि कप शोधू लागला.

"पुस्तक थांबवलं मी," ती म्हणाली. "कायम व्हायचंही राहिलं."

त्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळे..."

"चुकीमुळे. एक विचारू? बाकीच्या संदर्भांचं काय? तेही तपासलेत?"

"हो."

"किती?"

"सगळे. दोनशे चौदा."

ती बघतच राहिली. दोनशे चौदा निकाल म्हणजे दोनशे चौदा वेळा शिडीवर चढायचं, खंड काढायचा, धूळ झटकायची.

"कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत. दोन महिने लागले."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मग दुसऱ्या कोणाचं पुस्तक असतं तर?"

"तर पहिल्याच पानावर घोरलो असतो." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "सोमवारी तो खंड आणण्याआधी तीन दिवस मी तो टेबलाखाली लपवला होता. सांगितलं तर तुम्ही पुन्हा इथे येणार नाही, असं वाटत होतं. आणि नाही सांगितलं तर... तुमच्यासमोर बसून मला चहा गिळवला नसता. तुम्ही मला फार आवडता. हे सांगायला उशीर झाला असेल, तर तसं सांगा."

ती उशीच्या खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. मोठ्या टेबलावरची मुलं शहाण्यासारखी खंडात डोकी खुपसून बसली.

"नऊ वर्षं मी सगळ्यांचं वाचतेय," ती म्हणाली. "ओळ न् ओळ. माझं कोणी वाचलंच नव्हतं... मी फार दमलेय रे."

तो तिच्या शेजारी स्टुलावर बसला. तिने त्याचा हात धरला, मुलांदेखत, आणि सोडला नाही.

"तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचंय," ती जरा वेळाने म्हणाली. "बसशील माझ्याबरोबर?"

"बसेन. पण चुका काढेन हं मी."

"काढ," ती म्हणाली. "जन्मभर काढ."