ओपलचा कान

माणसाचं तोंड ही काही बघण्यासारखी जागा नाही. मी रोज बघते. भूल देणारी नर्स म्हणजे टेबलाच्या डोक्याकडची बाई. सर्जनच्या वाट्याला पोट येतं, माझ्या वाट्याला तोंड. कवळ्या, सडक्या दाढा, गालात विसरलेली तंबाखू, उपाशी यायला सांगूनही सकाळी हाणलेल्या सॉसेजचे ढेकर. सक्शनच्या बाटलीत काय काय जमतं ते जेवताना बोलू नये, पण आम्ही बोलतो, हसतो आणि जेवतो. इतक्या वर्षांत कुणाच्या घाणीने मला ओकारी आली नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून मी नाजूक बाई आहे असं कुणाला वाटायला नको.

नेब्रास्काच्या या कोपऱ्यात आमचं हॉस्पिटल म्हणजे एकच ऑपरेशन थिएटर, मंगळवारी गाडी हाकत येणारा सर्जन, आणि भूल द्यायला मी, मार्लिस. डॉक्टर भूलतज्ज्ञ इकडे यायला तयार नसतात. म्हणूनच शहरातल्या कॉलेजातून विद्यार्थी माझ्याकडे पाठवतात, कारण इथे पाठीमागे कुणी नसतं आणि सगळं स्वतःच्या हाताने करावं लागतं. त्या हिवाळ्यात टेरिन आली. अतिदक्षता विभागात काही वर्षं काढलेली, हात हलका, डोकं तल्लख आणि स्वभाव चांगलाच आगाऊ.

त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याचं, व्हर्लिनचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. व्हर्लिनची मान बैलासारखी, आणि घोरणं असं की कुत्रा खोली सोडून जातो. अशा माणसाला झोपवणं सोपं असतं. उठवताना, घशातली नळी काढली रे काढली, की घसा आवळून बसतो आणि हवा आत जात नाही. मी त्याला ओमाहाच्या मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून विनवलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. तो म्हणाला, ओमाहात मला ओळखतं कोण, इथे करा नाहीतर राहू द्या. आणि आमच्या धंद्यात घरच्या माणसाला कुणी भूल देत नाही, आपलेच हात ऐन वेळी दगा देतात. म्हणजे शेजारच्या काउंटीतून माझ्यासारखीच भूल देणारा गेलन येणार, आणि त्याच्या देखरेखीखाली भूल देणार टेरिन. गेलन माणूस बरा, पण शब्दकोडं घेऊन बसला की त्याला जगाचं भान नसतं. थोडक्यात, माझा नवरा त्या पोरीच्या हातात जाणार होता. मी तिला घासून घासून शिकवलं ते त्यासाठी.

माझी शिकवण म्हणजे ओपलची शिकवण. ओपल माझ्याआधी या टेबलाच्या डोक्याशी आयुष्यभर बसली आणि मला तिनेच घडवलं. तिच्या दोन सवयी मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला लावते. एक, पेशंटचा श्वास बंद असेल तेव्हा आपलाही रोखून धरायचा. आपल्याला हवा लागली म्हणजे त्यालाही लागली, घड्याळ बघावं लागत नाही. दुसरी, मॉनिटर कितीही असोत, पेशंटच्या छातीवर एक जड चकती चिकटवायची, तिची नळी आपल्या एका कानात घालायची आणि शेवटपर्यंत ऐकत राहायचं. कानात जो तुकडा बसतो तो आपल्याच कानाचा साचा घेऊन बनवतात. तो दुसऱ्या कुणाला बसत नाही, आणि बसला तरी कुणी घालू नये. दुसऱ्याची कवळी आपण तोंडात घालतो का?

टेरिनचा साचा बनून यायचा होता, म्हणून मी तिला साध्या स्टेथोस्कोपवर भागव म्हणाले होते. एका मंगळवारी बघते तर बाईसाहेब कानात काहीतरी घालून ऐटीत बसलेल्या. पिवळट, जुना, कडा झिजलेला तुकडा.

"हा कुठून आणलास?"

"खालच्या ड्रॉवरमध्ये होता, मास्कच्या पट्ट्यांखाली. बघा ना, माझ्यासाठीच केल्यासारखा बसलाय."

मी ओळखला. ओपलचा होता. ओपलचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. पिवळा, चिकट पू, आणि त्याला फडक्यात विसरलेल्या चीजसारखा वास. साचा ती नेमका त्याच कानात घालायची, म्हणायची मला याच कानाने नीट ऐकू येतं. केस संपली की काढून बाहीला पुसायची. तिच्यावर माझा जीव होता, तरी ती बाहीला पुसताना मी दुसरीकडे बघायचे. ती वारली तेव्हा तिचा ड्रॉवर मीच आवरला होता, आणि हा तुकडा मला तिथे दिसला नव्हता. पण भुलेच्या सामानाच्या जुन्या गाडीला सतरा कोपरे असतात. टेरिनला मी चांगली झापली, साचा काढायला लावला आणि स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला.

पुढच्या मंगळवारी तो ड्रॉवरमध्ये होता. ओला होता. खोबणीत पिवळं काहीतरी साकळलं होतं, ताजं. वास तर मला झाकण उघडण्याआधीच आला.

मला वाटलं, घे, लागली हिच्या कानाला कीड. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे तिला नेऊन कान तपासून घेतला. कान स्वच्छ, कोरडा, पडदा धडधाकट. टेरिन म्हणाली की मी आठवडाभर तो घातलेलाच नाही. मी पुन्हा उकळत्या पाण्यात घातला, घासला, कोरडा करून पिशवीत बंद केला. पुढच्या खेपेला पिशवीच्या तळाशी चमचाभर पिवळा द्रव जमला होता. कुठल्या कानातून तो येत होता, देव जाणे.

तरी ती तो घालायचीच. माझ्या डोळ्यादेखत, न पुसता. मी नजर वळवायचे. त्यापेक्षा वाईट म्हणजे, तो घातला की ती पोर चुकत नव्हती.

एका गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याच्या पित्ताशयाच्या वेळी मॉनिटर शांत होता, आकडे सरळ होते, आणि टेरिनने एकदम हात घालून घशातली नळी चाचपली, सक्शन लावलं, कफाचा एक हिरवा गोळा ओढून काढला. त्यानंतर ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला आणि लगेच सावरला. तिने आधीच हालचाल केली नसती तर सावरला नसता. असं दोनदा तीनदा झालं. सर्जन म्हणाला, मार्लिस, ही पोरगी तुझ्या पुढे गेली. मी कॉफी पिताना तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुला आधी कळतं कसं?

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मला दोघांचे श्वास ऐकू येतात," ती म्हणाली. "एक पेशंटचा. दुसरा पेशंट झोपला की सुरू होतो. तो नळीतून येत नाही, मार्लिस. तो इकडून येतो." तिने कानाच्या मागच्या हाडाला हात लावला. "आणि काही बिघडणार असलं की तो आधी थांबतो. रोखून धरल्यासारखा."

मी तिला म्हटलं की झोप नीट काढ, मोठ्या परीक्षेच्या आधी असं होतं. माझा स्वतःचा साचा त्याच नळीला लावून मी पुढची केस अख्खी ऐकली. मला एकच श्वास ऐकू आला. तो पेशंटचाच होता.

व्हर्लिनच्या ऑपरेशनच्या आदल्या मंगळवारी मी तो साचा चिमट्याने उचलला आणि सुया टाकायच्या लाल डब्यात टाकला. त्या डब्याचं तोंड असं असतं की आत गेलेलं बाहेर येत नाही. झाकण मी स्वतः कुलूपबंद केलं. टेरिन बघत उभी होती. तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला ती घाण मला चालणार नाही, तुझे हात आणि तुझे डोळे पुरे आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बर्फ पडून गेलं होतं आणि ऊन लखलखीत होतं. व्हर्लिन स्ट्रेचरवर चादर हनुवटीपर्यंत ओढून पडला होता. नर्सला म्हणाला, माझी बायको रात्री मला उशीने दाबणार होती, आज फुकटात काम होतंय. सगळे हसले. माझा हात मात्र त्याने सोडला नाही. तळवा घामाने ओला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

गेलन तिथेच कोपऱ्यात शब्दकोडं उघडून बसला होता.

मी थिएटरात जाऊन पट्ट्या घ्यायला खालचा ड्रॉवर उघडला. साचा तिथे होता. लाल डबा भिंतीवर होता तसाच होता, कुलूपबंद. साच्यातून पिवळा थेंब लोंबत होता आणि सगळ्या पट्ट्या त्याने चिकट झाल्या होत्या.  टेरिन अजून डबा फोडण्याइतकी खुळी नव्हती. बाकी दुसरं कोण असणार?

मी ड्रॉवर बंद करायला हवा होता. बाहेर व्हर्लिन गेलनला विचारत होता की किती वेळ लागेल, आणि गेलनला प्रश्न ऐकूच आला नव्हता.

मी तो दोन बोटांत उचलला. कोमट होता. नुकताच कुणाच्या अंगातून निघाल्यासारखा. टेरिन हात धुऊन आली, तिच्या तळव्यावर मी तो ठेवला.

"घाल."

"पुसू का?"

"नको," मी म्हणाले. माझी मलाच किळस आली.

नातेवाइकाला आत थांबता येत नाही. मी दाराच्या गोल काचेपाशी उभी राहिले.

झोपला. नळी घशात गेली. सर्जनने काम सुरू केलं. टेरिन मान एका बाजूला कलती ठेवून बसली होती, अगदी ओपल बसायची तशी. तिच्या गालावरून पिवळी रेघ मानेपर्यंत ओघळली होती. तिने ती पुसली नाही.

टाके झाले. गेलनने वर बघून मान हलवली. नळी काढायची.

टेरिनने नळी काढली. मॉनिटरवरचा आकडा उत्तम होता.

आणि तिने झटकन दोन्ही हातांची बोटं व्हर्लिनच्या जबड्यामागे रुतवली, ओरडून औषध मागितलं, मास्क दाबला. गेलन म्हणत होता काय झालं, सगळं ठीक तर आहे. तेवढ्यात व्हर्लिनची छाती आत ओढली गेली, पोट फुगलं आणि आवाज मात्र आला नाही. ओठ निळे झाले. मग गेलनचं कोडं खाली पडलं.

मी काचेपाशी श्वास रोखून उभी होते. मला हवा लागली, आणखी लागली, डोळ्यांपुढे काजवे आले.

मग व्हर्लिनने एक लांब, घोगरा, घाणेरडा श्वास ओढला. माझ्या कानांना त्याहून गोड काही ऐकू आलेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, कॉफी मिळेल का. टेरिन थिएटरच्या बाहेर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि रडत हसत होती. तिने साचा माझ्यापुढे धरला.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "नळी काढली आणि एकदम कोरडा झाला. आता तिकडे कुणी नाही, मार्लिस."

मी हात लावून पाहिला. वाळलेल्या हाडासारखा, कसलाही वास नव्हता. मी तो भट्टीत जाणाऱ्या पिशवीत टाकला आणि पिशवी जाळताना समोर उभी राहिले. टेरिनला मी मिठी मारली. पुढच्या आठवड्यात तिचा काळ संपला आणि ती दुसऱ्या हॉस्पिटलला गेली.

व्हर्लिन घरी आला, दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरबद्दल बोलायला लागला. शेजारणींनी गोड पावांचे आणि नूडल्सचे एवढे ट्रे आणले की फ्रीजचं दार लागेना. शनिवारी दुपारी तो आरामखुर्चीत बास्केटबॉल बघत बसला होता आणि टॉवेलचं टोक डाव्या कानात घालून फिरवत होता.

"आंघोळीचं पाणी गेलंय वाटतं," तो म्हणाला. "सकाळपासून बुळबुळतंय."

मी टॉवेल घेतला. त्यावर पिवळा डाग होता. मला हुंगायची गरज नव्हती, तरी मी हुंगला. मग स्वयंपाकघरात जाऊन सिंकमध्ये ओकले. आयुष्यात पहिल्यांदा.

तोंड धुऊन परत आले तेव्हा त्याचा डोळा लागला होता. छाती संथ वरखाली होत होती. घोरत नव्हता. लग्न झाल्यापासून हा माणूस झोपला आणि घोरला नाही असं झालेलं नाही.

मी खुर्चीजवळ गुडघे टेकले आणि नाक बंद करून त्याच्या कानाशी कान नेला.

आतून श्वास येत होता. बारीक, कोरडा, म्हाताऱ्या बाईचा. व्हर्लिनची छाती खाली जायची तेव्हा तो आत घेतला जायचा. किती ओळखीचा होता तो. इतकी वर्षं टेबलाच्या डोक्याशी मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते.

टीव्हीवर प्रेक्षकांनी जल्लोष केला.

कानातला श्वास थांबला.

मी खुर्चीच्या मागे गेले, दोन्ही हातांची बोटं व्हर्लिनच्या जबड्यामागे घातली, आणि स्वतःचा श्वास रोखून धरला.