पहिल्या लोकरीची घोंगडी

दसरा झाला आणि साकूरच्या पठारावरचा चारा संपत आला. ओढ्याकाठचं गवत मेंढरांनी मुळापासून खाल्लं होतं, आणि वाडीतल्या धनगरांचे डोळे घाटाखाली लागले होते. दरवर्षी दिवाळी उलटली की आळेफाटा, माळशेज करत कळप कोकणात उतरत आणि भात कापलेल्या खाचरांत बसत. जो आधी पोचेल त्याला चांगली खाचरं. पण उतरण्याआधी मेंढरं भादरायची, म्हणजे अंगावरची लोकर काढून त्यांना उघडं करायचं. मागे एका वर्षी समुद्रातल्या वादळाचा गार पाऊस थेट पठारापर्यंत आला होता आणि नुकतीच भादरलेली मेंढरं कुडकुडून रस्त्याच्या कडेला पडली होती. तेव्हापासून दसरा झाला की वाडीत एकच विचारणा सुरू होई, समुद्राची वादळं सरली का?

उत्तर भिमाजीनं द्यायचं. तो कॉलेजात दोन वर्षं जाऊन आलेला, मोबाईलवर उपग्रहाची चित्रं बघणारा. समुद्रात तो कधी घोट्याच्या वर उतरला नव्हता, पण कमी दाबाचा पट्टा म्हटलं की त्याचा आवाज भारदस्त व्हायचा. लोक त्याला 'वेधशाळा' म्हणून चिडवायचे आणि संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर येऊन बसायचे. त्याला ते आवडायचं.

यंदा त्यानं दिवाळीची वाटही पाहिली नाही. ओट्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "समुद्र थंडावलाय. वादळांचा हंगाम यंदा लवकर आटपला. भादरायला घ्या."

"शब्द देतोस का?" बन्सीनं विचारलं. बन्सी त्याचा चुलतभाऊ, तोंडानं तिखट.

"दिला."

"मग पयली मेंढरं तुझीच घे."

भिमाजीनं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पयला मान वयनींचा. दादा गेल्यापासनं त्यांचं कोन करतंय?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गोजरबाई, त्याच्या मोठ्या भावाची विधवा, नुसती हात जोडून उभी राहिली. तिच्याकडे वीस-बावीस मेंढरं, तोच तिचा संसार. वाडीची जुनी रीत अशी की ज्यानं भादरायचा शब्द दिला, त्याला पहिल्या लोकरीची घोंगडी. "तुमास्नी घोंगडी मीच देनार, भावजी," ती म्हणाली.

खरं काय ते एकट्या भिमाजीला माहीत होतं. त्याला मान बिन काही द्यायचा नव्हता. त्याला आठ-दहा दिवस थांबून बघायचं होतं, आणि ते दुसऱ्याच्या मेंढरांवर बघायचं होतं.

गोजरबाईची मेंढरं त्यानं स्वतः भादरली. लोकर स्वतःच्या पडवीत, पत्र्याखाली, तरटावर पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर ती ओली होती. दव असेल, तो मनाशी म्हणाला. पण पत्र्याखाली दव पडत नाही, हे त्याला कळत होतं. पडवीतली जमीन तर कोरडी ठणठणीत होती.

त्यानं लोकर उलटी केली, उन्हात ओढली. दुपारपर्यंत वाळली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा ओली. आता तिला वास होता, पठारावर कधी न येणारा. कोकणात खाडीच्या कडेनं कळप हाकताना यायचा तो, चिखलाचा आणि मासळीचा. कुडाच्या फटीतून त्याची स्वतःची, अजून न भादरलेली मेंढरं माना घालून ती लोकर चाटत होती. जीभ मागे घेत नव्हती.

भिमाजीनं एक बोट लोकरीत दाबून जिभेला लावलं. खारट लागलं.

त्यानं मोबाईल काढला. चित्रात समुद्र निळा, मोकळा. पठारावर ढगाचा ठिपका नाही. वाडीतल्यांना काय सांगणार? समुद्र पडवीत आलाय? लोक हसले असते, आणि नंतर कोणी ओट्यावर बसायला आलं नसतं. त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. तेव्हापासून तो सगळ्यांच्या आधी उठून लोकर पालटू लागला. वाडी जागी होईपर्यंत वरची बाजू कोरडी दिसली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात असे.

एका संध्याकाळी लोकर निथळायला लागली. तरटाखालून पाण्याची बारीक धार निघाली आणि उंबऱ्याकडे, म्हणजे चढाकडे, सरकू लागली. भिमाजीनं चप्पलही न घालता समोरचं गोजरबाईचं घर गाठलं. मेंढरं आत घ्या, पांघरूण टाका, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते.

तिच्या दारात बन्सी आणि चार माणसं बसली होती.

"ये, वेधशाळा!" बन्सी म्हणाला. "तुज्या नावाचा च्या चाललाय. आज बातम्यांत बी सांगितलं, यंदाचा वादळाचा हंगाम सरला म्हनून. मी उगंच तुला टोचलं गड्या."

"व्हय," भिमाजी म्हणाला.

"काय काम हुतं का, भावजी?" गोजरबाईनं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाई. सहज आल्तो."

तिनं बशीत चहा ओतून दिला. त्यानं तो प्यायला. गोठणाशी तिची मेंढरं उघड्या अंगानं, एकमेकांना चिकटून, पश्चिमेकडे तोंडं करून उभी होती. वारा अजिबात नव्हता. भिमाजी मान खाली घालून घरी आला आणि आपली मेंढरं त्यानं छपरात कोंडली. स्वतःचीच मेंढरं तेवढी आठवली, याची लाज त्याला कोंडतानाही वाटत होती, तरी त्यानं कडी लावली.

सकाळी गोजरबाईची सगळी मेंढरं मेलेली सापडली.

आभाळ निरभ्र होतं. गोठणातली धूळ पाय ठेवला तर उडत होती. मेंढरं आडवी पडली होती, पाय ताठ, नाकपुड्यांत फेस. तालुक्याचे डॉक्टर आले, एक मेंढरू उघडून बराच वेळ बघत बसले.

"ओढ्याला पाणी आलं होतं का रात्री?"

"ओढा कवाचाच आटलाय, सायेब," बन्सी म्हणाला.

"ही बुडालीत," डॉक्टर म्हणाले. मग स्वतःचंच बोलणं न पटल्यासारखे उठले, विषबाधा असेल म्हणाले आणि हात पुन्हा पुन्हा धूत राहिले.

भिमाजीला कोणी बोल लावला नाही. पाऊस आलाच नव्हता. त्याचा अंदाज खरा ठरला होता. पंचक्रोशीत लोक त्याचं नाव घेत होते, यंदा वादळं लवकर संपली हे त्यानं सगळ्यांच्या आधी सांगितलं म्हणून. कोणी पाठीवर थाप मारली की त्याला अंग चोरावंसं वाटे.

त्यानं स्वतःची मेंढरं भादरली. लोकर पांढरी, कोरडी, उबदार निघाली. पुढेही ती कोरडीच राहिली.

दिवाळीनंतर निघायचा दिवस आला. घोड्यांवर बिऱ्हाड चढलं, कळप वाटेला लागले. गोजरबाई मागे राहणार होती, तिच्याकडे हाकायला काही उरलं नव्हतं. त्याच्या पडवीतली आपली लोकर नेऊन तिनं घोंगडी विणून घेतली होती. ती घडी घातलेली काळीकरडी घोंगडी घेऊन आली. भिमाजीनं दोन्ही हात मागे घेतले.

"वयनी, नको."

"रीत हाय, भावजी."

तिनं घोंगडी उलगडली आणि त्याच्या खांद्यांवर घातली. घालताना हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलली. आवाजात राग नव्हता.

"तुमी पहाटंचं उठून लोकर पालटायचा. मी चुलीपाशनं बघायची रोज. त्या सांजंला तुमी आलात तवा मला वाटलं, सांगाय आला. म्हनून इचारलं." तिनं घोंगडीची कड सारखी केली. "काय आसतं तर भावजी बोललं आसतं, आसं म्हनून मी निजले."

भिमाजीला वाटलं, जमीन दुभंगावी. त्यानं तोंड उघडलं, पण सगळी वाडी बघत होती. तो वळला आणि चालू लागला.

घोंगडी पाहायला कोरडी होती. पांदीच्या वळणापर्यंत ती जड झाली. शिवेपर्यंत तिच्या कडेवरून काहीतरी गार पिंढऱ्यांवर उतरू लागलं. त्यानं खाली पाहिलं नाही. घोंगडी काढून टाकावीशी वाटली, पण मागून येणाऱ्यांना काय सांगणार?

माळशेजच्या दिशेचं आभाळ स्वच्छ निळं होतं.

"भिमाजी, आरं थांब!" मागून बन्सी ओरडला. "तुजी मेंढरं फुडं येईनात. खाली काय चाटत्यात बघ की!"

तो थांबला. मग मागे वळून पाहिलं.

फुफाट्याच्या वाटेवर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते. एकेका ठशावर माना घालून मेंढरं ते चाटून कोरडे करत होती, आणि पुढच्या ठशाकडे सरकत होती.